शेवंतीत अळीप्रतिकारक जनुक घालण्याची पद्धत

फुलझाडात कीडप्रतिकारक जनुक घालायचे ठरवले, की आधी कीड नेमकी ओळखावी. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी-जानोरी परिसरात पॉलिहाऊसमधल्या गुलाबाला फुलकिडे आणि लाल कोळी यांचा त्रास होतो. तेथे कपाशीमुळे परिचित झालेले बीटी जनुक (बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूतून घेतलेले) कामाचे नाही, कारण त्यापासून बनणारी ‘क्राय१’ गटातील प्रथिने अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून सक्रिय होतात व तेथील पेशींना छिद्रे पाडतात. रस शोषणाऱ्या किडींवर त्यांचा उपयोग होत नाही आणि कोळी तर कीटकच नव्हे. म्हणून नाशिकच्या जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी शेवंतीपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. तिच्या कळ्या घाटेअळी पोखरते, आणि ‘क्राय१एबी’ जनुक घातलेली शेवंती या अळीला प्रतिकार करते, हे जपानमधील संशोधनातून दिसले आहे.

हे काम संस्थात्मक जैवसुरक्षा समिती असलेल्या प्रयोगशाळेतच करावे. निर्जंतुक रोपांच्या कोवळ्या पानांचे तुकडे ॲग्रोबॅक्टेरियम या वनस्पतीत जनुक पोचवणाऱ्या जिवाणूच्या द्रावणात काही मिनिटे बुडवावेत, टिपून घ्यावेत आणि २ ते ३ दिवस अंधारात माध्यमावर ठेवावेत. त्यानंतर ते ऑक्सिन व सायटोकायनिन ही वाढसंप्रेरके असलेल्या एमएस (मुराशिगे-स्कूग) पोषक माध्यमावर न्यावेत. त्यात जिवाणू मारण्यासाठी सेफोटॅक्झिम आणि जनुक शिरलेल्या पेशींच्या निवडीसाठी कॅनामायसिन ही प्रतिजैविके घालावीत; कॅनामायसिन सहन करणारे जनुक सोबत दिलेले असल्याने त्याच पेशी तगतात. कॅनामायसिनची मात्रा वाणागणिक बदलते, त्यामुळे ती जनुक न घातलेल्या पानांवर आधीच ठरवून घ्यावी. मात्रा कमी पडली, तर जनुक नसलेले कोंबही हिरवे राहतात आणि महिन्यांची मेहनत वाया जाते. प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) निवडतानाही घाई करू नये, कारण इतर पिकांत चांगला चालणारा ‘३५एस’ शेवंतीत अनेकदा क्षीण पडतो.

मुळे फुटलेल्या रोपांत पीसीआर चाचणीने जनुक आहे का, सदर्न चाचणीने त्याच्या प्रती किती आणि एलायझा चाचणीने प्रथिनाचे प्रमाण किती, हे तपासावे. तरीही खरी कसोटी अळीचीच आहे: नुकत्याच बाहेर पडलेल्या घाटेअळ्यांना पाने आणि कळ्या दोन्ही खाऊ घालाव्यात, कारण पानातले प्रथिन कळीतही तेवढेच असेल असे नाही.

शेवंतीची वाढ छाटांपासून होत असल्याने निवडलेले एकच रोप गुणांसह हवे तितके वाढवता येते. मात्र जनुक बदललेल्या सजीवांसाठीच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार सक्षम समितीची मंजुरी मिळेपर्यंत त्याची एकही छाट शेजारच्या वाफ्यातसुद्धा लावू नये.