विंचवाच्या कवितेवरचा माझा पहिला निबंध

परभणी जिल्ह्यातील एका गावात मराठी माध्यमातून शिकून मी बी.ए.ला इंग्रजी हा विषय घेतला, तेव्हा साहित्यकृतीचे विश्लेषण म्हणजे तिची गोष्ट आपल्या शब्दांत सांगणे, अशीच माझी समजूत होती. बारावीपर्यंत सारांश लिहून गुण मिळत आले होते, त्यामुळे ही समजूत तपासून पाहण्याची वेळच आली नव्हती.

पहिल्या असाइनमेंटसाठी इंग्रजीत लिहिणारे भारतीय कवी निसिम इझिकेल यांची ‘नाइट ऑफ द स्कॉर्पिअन’ ही कविता होती. कडब्याची गंजी हलवताना विंचू चावलेली माणसे आणि विंचू उतरवणारे मांत्रिक मी लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे ती मला फार सोपी वाटली, आणि तिथेच फसगत झाली. निम्मा निबंध अंधश्रद्धेवर गेला. उरलेला निम्मा, मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध कसे वापरले, यावर. माहिती खरी होती, परंतु समासात मॅडमनी एवढेच लिहिले होते : ‘यात कविता कुठे आहे?’

मग मी गाईड बाजूला ठेवून कविता तीनदा मोठ्याने वाचली आणि जिथे खटकले तिथे पेन्सिलीने खूण केली. कवितेत बोलणाऱ्याच्या आईला रात्री विंचू चावतो. शेजारी माश्यांच्या थव्यासारखे येतात, पण आईभोवती बसल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर समजुतीची शांतता दिसते. वडील बुद्धिवादी आहेत, तरीही शापापासून आशीर्वादापर्यंत आणि चूर्णापासून झाडपाल्यापर्यंत सारे करून पाहतात. शेवटी दंशाच्या जागी रॉकेल ओतून काडीही लावतात. वीस तासांनी वेदना ओसरते. सगळ्या गलबल्यात आई फक्त कण्हते आणि थेट शेवटच्या तीन ओळींत बोलते. त्या ओळी बाकीच्या कवितेपासून वेगळ्या मांडलेल्या आहेत.

या खुणांमधूनच प्रतिपाद्य विधान, म्हणजे निबंधात पटवून द्यायचा मुख्य मुद्दा, निघाले. ‘या कवितेत श्रद्धा आणि विज्ञान यांचा संघर्ष आहे’ हे वाक्य मी खोडले, कारण ते कोणीही कविता न वाचता लिहू शकतो, शिवाय वडिलांचे वागणे पाहता ते पुरते खरेही नाही. त्याऐवजी लिहिले की, कविता मंत्र आणि औषध या दोहोंपैकी कोणालाही श्रेय देत नाही. माझ्या वर्गमैत्रिणीने लगेच हरकत घेतली की, मांत्रिकाचा विधी वेदना थांबण्याच्या अगदी आधी येतो, त्याचे काय? ज्या विधानावर अशी हरकत घेता येते, तेच निबंधाला पुरते. तिच्या हरकतीला उत्तर देण्यात माझा एक अख्खा परिच्छेद गेला आणि तोच सर्वांत बरा उतरला.

परिच्छेद लिहिताना अवतरण लहान घ्यावे आणि स्पष्टीकरण त्याच्या दुप्पट तरी असावे. शेवटच्या ओळींत आई देवाचे आभार मानते, कारण विंचवाने मुलांना सोडून तिला निवडले. हे सांगणे झाले सारांश. पण त्याआधी, आई एवढेच म्हणाली असे सांगताना, निवेदक ‘ओन्ली’ हा शब्द का वापरतो, आणि इतरांच्या एवढ्या बोलण्यानंतर आईच्या वाट्याला एकच वाक्य का येते, हे विचारले की विश्लेषण सुरू होते.

किरकोळ वाटणाऱ्या दोन-तीन गोष्टींवरही गुण जातात. कवितेत बोलणारा तो ‘निवेदक’. त्याला सरसकट इझिकेल म्हणू नये. कवितेत जे घडते ते इंग्रजीत वर्तमानकाळात लिहावे, आणि अवतरणापुढे ओळीचा क्रमांक द्यावा. कवीचे चरित्र सांगणारी प्रस्तावना, माझ्या मते, बिनदिक्कत काढून टाकावी. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहिलेली चांगली, कारण आपल्याला काय म्हणायचे आहे हे तोवर आपल्यालाच नीट कळलेले नसते. मुद्दे मी आजही आधी मराठीत मांडतो, मात्र वाक्यागणिक भाषांतर करीत नाही.

दुसरा मसुदा परत आला तेव्हा ‘ओन्ली’वरच्या परिच्छेदाशेजारी बरोबरची खूण होती, आणि तीन ठिकाणी भूतकाळी क्रियापदांखाली लाल रेघ.