तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढलेलं निघालं की घरात आधी अंड्यावर गदा येते. मी आधी तेलाचा डबा बघायला सांगेन. नवा डबा फोडला की मार्करने त्यावर तारीख लिहा. माणशी दिवसाला साधारण चार चहाचे चमचे, म्हणजे 20 मिली धरलं, तर चौघांना महिन्याला अडीच लिटरच्या आत भागायला हवं. 5 लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर उत्तर फोडणीत आणि कढईत आहे.

डब्यावरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री' या शब्दांना भुलू नका. वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतंच! बघायचं ते सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे एलडीएल वाढवणारी चरबी. शेंगदाणा तेलात ते साधारण पाचवा हिस्सा, पाम तेलात जवळजवळ निम्मं. फरसाणाचं पाकीट उलटून वाचा, बहुतेक वेळा पामोलिन, म्हणजे पाम तेलच सापडेल. त्याऐवजी चारच्या चहाबरोबर मूठभर फुटाणे, सालासकट. राजमा, वाल, ओट्स, पेरू यांतला विरघळणारा तंतूही एलडीएल थोडं खाली आणतो. रोज अर्धा तास झपझप चालणं आलंच.

डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) दिलं असेल तर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ते बंद करू नका. तो आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो, सोडली की काही आठवड्यांत परत चढतो. अंग फार दुखायला लागलं किंवा लघवी गडद झाली तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगा. गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच.