जुन्या इंजिनाच्या व्हॅक्यूम आणि वाफेच्या नळ्या बदलताना

गाडी उभी असताना इंजिन थरथरू लागले, आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालण्याचा वेग) आपोआप चढू-उतरू लागले आणि पिकअप मंदावला, की बहुतेकांचा पहिला सल्ला कार्ब्युरेटर खोलण्याचा किंवा इंजेक्टर साफ करण्याचा असतो. गाडी वीस-पंचवीस वर्षे जुनी असेल, तर या दोन्हींच्या आधी इंजिनावरून इकडून तिकडे गेलेल्या बारीक रबरी नळ्या पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे. नळीचे टोक बोटांनी वाकवून पाहावे. रबरावर कोरड्या जमिनीसारख्या भेगा दिसल्या, नळी काडीसारखी ताठ झाली असेल, किंवा उलट तेल पिऊन लिबलिबीत झाली असेल, तर ती बदलण्याच्याच लायकीची आहे. टोकाचा सेंटिमीटरभर भाग कापून तीच नळी पुन्हा बसवण्याचा उपाय फार तर महिनाभर टिकतो. जिथे एक नळी गेली तिथे तिच्याच वयाच्या बाकीच्याही गेलेल्या असतात.

इंजिन चालू असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होतो. धडधाकट इंजिनात समुद्रसपाटीला आयडलिंगवर तो साधारण १७ ते २१ इंच पारा इतका भरतो. ब्रेक बूस्टर (ब्रेक दाबायला हलका करणारा डबा) आणि डिस्ट्रिब्युटरमधला व्हॅक्यूम ॲडव्हान्स (ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारा भाग) याच ओढीवर चालतात, आणि क्रँककेसमधली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भागातली) वाफ व पेट्रोलच्या टाकीतून चारकोल कॅनिस्टरमध्ये (वाफ शोषून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यात) साठलेली वाफदेखील याच ओढीने इंजिनात खेचली जाते. नळीला चीर पडली, की तिच्यातून हिशेबाबाहेरची हवा आत शिरते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत ही हवा त्या सेन्सरला चुकवून येते, म्हणून तिथे पी०१७१ हा कोड (मिश्रण पातळ असल्याचा गाडीच्या कॉम्प्युटरचा इशारा) दिसण्यामागे अनेकदा अशी एखादी नळीच असते.

नळी निवडताना सगळीकडे सिलिकॉन घालण्याचा हल्लीचा सल्ला मला मान्य नाही. उष्णता सहन करण्यात सिलिकॉन उत्तम आहे आणि नुसत्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांसाठी ते खुशाल वापरावे. पण पेट्रोलची वाफ त्यातून झिरपते आणि पेट्रोल व तेल लागल्यावर ते फुगते. टाकी, कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारी झडप) यांच्यामधल्या नळ्या, तसेच पीसीव्ही व्हॉल्व्हची (क्रँककेसमधली वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) तेलकट वाफ वाहणारी नळी, यांच्यासाठी इंधनाला टिकणारी, ‘एसएई ३०आर७’ असा छाप असलेली नळी घ्यावी. ब्रेक बूस्टरची नळी त्याच कामासाठी बनवलेली, आत धाग्याची जाळी असलेलीच हवी. साधी नळी ओढीने आत चपटी होते आणि ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक लागतो. माप घेताना जुनी नळी मोजू नये, कारण ती टोकाला ताणून सैल झालेली असते. मोजायचे ते निपल, म्हणजे नळी ज्यावर चढते ते बारीक तोंड, आणि तेही टोकाच्या उंचवट्याच्या मागच्या सरळ भागावर.

काम उघड्या जागी, इंजिन पूर्ण गार झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून आणि टाकीचे झाकण सैल करून साठलेला दाब सोडल्यावरच सुरू करावे. बॉनेटच्या आतल्या बाजूला नळ्यांचा आराखडा चिकटवलेला असेल तर त्याचा फोटो घ्यावा, नसेल तर सगळ्या बाजूंनी इंजिनाचेच फोटो घ्यावेत. एक नळी काढावी, तिच्या जागी नवी लावावी आणि मगच दुसरीला हात घालावा. सगळ्या नळ्या एकदम काढून टेबलावर मांडणाऱ्याच्या हातून थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) वरची आणि खालची अशा दोन जोडण्यांची अदलाबदल हमखास होते, आणि मग इंजिन चालते खरे, पण इग्निशनचे टायमिंग भलत्याच वेळी पुढे-मागे होत राहते.

आता खऱ्या अवघड टप्प्याकडे येतो, आणि तो म्हणजे जुनी नळी काढणे. नळी लावायला कोणालाही येते. काढताना मात्र भल्याभल्यांचे नुकसान होते. पहिल्यांदा हे काम केले तेव्हा कूलंटच्या वाटेत बसवलेल्या थर्मल व्हॉल्व्हवरची (तापमानानुसार व्हॅक्यूम चालू-बंद करणाऱ्या झडपेवरची) नळी मी पकडीत धरून ओढली. बारीकसा ‘टक्’ आवाज झाला, नळी हातात आली आणि तिच्या तोंडात प्लॅस्टिकचे तपकिरी निपल घट्ट बसलेले होते. तो व्हॉल्व्ह बदलण्यासाठी कूलंट काढावे लागले, नवा व्हॉल्व्ह शोधावा लागला आणि तासाभराचे काम दोन दिवस चालले. ज्या प्लॅस्टिकने वर्षानुवर्षे इंजिनाची धग सोसली आहे, ते बिस्किटासारखे ठिसूळ झालेले असते. म्हणून पहिला नियम असा, की वाचवायचे आहे ते निपल; नळी तर आपण टाकूनच देणार आहोत.

रबरी नळी मागून ओढली की ती लांबते, लांबताना तिचा घेर आवळतो आणि ती निपलला अधिकच घट्ट धरते. त्यामुळे जितका जोर लावाल तितकी पकड वाढते आणि तो सारा जोर शेवटी निपलच्या मुळाशी पोहोचतो. निपल धातूचे असेल, तर नळी मुळाजवळ धरून जरा पिळावी, चिकटलेले रबर सुटू द्यावे आणि मग बोथट पेचकसाने तिच्या कडेला मागून पुढे ढकलावे. प्लॅस्टिकच्या निपलवर मात्र पिळणेही नको आणि हलवणेही नको. तिथे कापणे हाच मार्ग आहे.

आधी निपलच्या टोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर नळी आडवी तोडून टाकावी, म्हणजे लांब नळीचा चुकून धक्का लागून निपलवर तरफेसारखा जोर येत नाही. उरलेल्या तुकड्यावर गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके मिनिटभर धरावे, रबर नरमते. हेअर ड्रायर नुसत्या व्हॅक्यूमच्या नळ्यांवर चालतो, पण वाफेच्या नळ्यांजवळ तो अजिबात नेऊ नये, कारण त्यातली तापलेली तार आणि पेट्रोलची वाफ एकत्र येणे म्हणजे आगीला आमंत्रण. लायटरने नळी शेकवण्याचा सल्ला देणाऱ्याचे तर पुढे काही ऐकूच नये.

मग निपल मुळाशी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून, धारदार ब्लेड जवळजवळ आडवे ठेवून, तुकड्यावर लांबीच्या दिशेने चीर द्यावी. चीर आरपार जाता कामा नये. रबराच्या जाडीचा तीन चतुर्थांश भाग कापला गेला, की ब्लेड बाजूला ठेवावे आणि दोन्ही अंगठ्यांनी चिरेच्या कडा उलट्या दिशांना उघडाव्यात. उरलेले रबर आपोआप फाटते आणि शेंगेच्या टरफलासारखे सुटून येते. ही घाई मी एकदाच केली आणि ब्लेड निपलवर टेकले. लांबीच्या दिशेने पडलेला ओरखडा केसाइतका बारीक असला, तरी नव्या नळीखाली तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवेची वाट बनतो आणि नवी नळी लावूनही गळती तशीच राहते. तसा ओरखडा पडलाच, तर अगदी बारीक पॉलिश पेपरची पट्टी निपलभोवती गोल फिरवावी, लांबीच्या दिशेने कधीही घासू नये. मागे राहिलेला काळा थर फडक्याने आणि नखाने निघतो, त्यासाठी धातूचा ब्रश नको. प्लॅस्टिकचे टी-जोड वाचवण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, ते सरळ नवे घ्यावेत.

काढलेली प्रत्येक नळी टाकण्याआधी टोकापासून टोकापर्यंत बोटांमध्ये दाबत न्यावी. काही नळ्यांच्या आत टाचणीच्या टोकाएवढे भोक असलेला पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा मणी बसवलेला असतो. तो कचरा नसून ओढीचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी घातलेला असतो, आणि तो नव्या नळीत त्याच जागी बसवला नाही तर इंजिनाचे वागणे बिघडते. नळीच्या मध्ये बसलेल्या छोट्या चकतीसारख्या डिले व्हॉल्व्हच्या (ओढ सावकाश पोहोचू देणाऱ्या झडपेच्या) दोन बाजू बहुधा दोन रंगांच्या असतात. कोणता रंग कोणत्या दिशेला होता हे काढण्यापूर्वीच लिहून ठेवावे, कारण उलटा लावलेला व्हॉल्व्ह बाहेरून अगदी बरोबर दिसतो.

नवी नळी ब्लेडने सरळ कापावी, कारण पकडीने तोडलेले टोक चेपते. तेल किंवा ग्रीस न लावता साबणाचे पाणी लावून ती निपलच्या मुळापर्यंत बसवावी. वळण मोठे ठेवावे आणि नळी एक्झॉस्टपासून दूर बांधावी. वाफेच्या नळीला मध्येच खोलगट झोळ पडू देऊ नये, तिथे पेट्रोल साठते. बारीक व्हॅक्यूम नळ्यांना क्लॅम्प लागत नाही. पीसीव्ही, ब्रेक बूस्टर आणि वाफेच्या नळ्यांना स्प्रिंगचा क्लॅम्प लावावा. स्क्रूचा क्लॅम्प प्लॅस्टिकवर आवळला, की मघाचाच ‘टक्’ आवाज पुन्हा ऐकू येतो.

गळती शोधण्यासाठी चालू, तापलेल्या इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत आगीला निमंत्रण देणारी असल्यामुळे मी ती सोडून दिली आहे. एक मीटरभर नळी घेऊन तिचे एक टोक कानाजवळ धरावे आणि दुसरे टोक प्रत्येक जोडणीभोवती फिरवावे. फिसफिस आवाज स्पष्ट ऐकू येतो. मात्र सैल बाही आणि नळीचे टोक पंखा व पट्ट्यांपासून लांब ठेवावेत. व्हॅक्यूम गेज असेल तर काटा स्थिर राहतो का ते पाहावे. ब्रेक बूस्टरसाठी इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाचदा दाबावा, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेला, तर नळी नीट बसली आहे.

कार्ब्युरेटरच्या गाडीत या सगळ्यानंतर आयडलिंग एकदम वर गेलेले दिसले, तर काही चुकले असे समजू नये. कोणीतरी कधीतरी गळतीमुळे खाली गेलेले आयडलिंग स्क्रू फिरवून वर आणलेले असते. माझ्या गाडीत तो स्क्रू जवळजवळ दीड फेरा मागे घ्यावा लागला, आणि तो दीड फेरा इतकी वर्षे ब्रेक बूस्टरच्या नळीवरच्या एका भेगेची भरपाई करत होता.