काढा करण्यापूर्वी: वनस्पतीतला गुण पाण्यात कसा उतरतो

पावसाळा सुरू होऊन घरात एकाला खोकला लागला, की पुण्यातल्या पुष्कळ घरांत गॅसवर एकच पातेले चढते. मंडईतून आणलेली गवती चहाची जुडी, कुंडीतली तुळस, सोसायटीच्या कुंपणावरचा अडुळसा, आले, मिरी, ज्येष्ठमधाची कांडी असे सगळे त्यात एकत्र पडते आणि पाणी निम्मे होईपर्यंत खळखळा उकळते. घरभर वास दरवळतो आणि काढा चांगला जमला असे सगळ्यांना वाटते. परंतु तो दरवळ म्हणजेच तुळस आणि गवती चहा यांतले औषधी तेल असते, आणि ते पातेल्यातून हवेत निघून गेलेले असते. वनस्पतीला औषधी गुण येतो तो तिच्यातील ठरावीक रासायनिक घटकांमुळे. हे सगळे घटक एकाच रीतीने पाण्यात उतरत नाहीत. म्हणून आपल्याला कोणता घटक हवा आहे, तो कशात विरघळतो आणि उष्णतेने त्याचे काय होते, हे आधी ठरवावे आणि मगच भांडे चुलीवर ठेवावे.

वनस्पती हे घटक आपल्यासाठी तयार करत नाही. तिला जागा सोडून पळता येत नाही, त्यामुळे किडी, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून बचाव करण्यासाठी ती कडू, तुरट, उग्र अशी द्रव्ये पानांत, सालीत आणि मुळांत साठवते. अडुळशाला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत आणि म्हणूनच तो कुंपणाला लावतात. या कडवट पानांतील व्हॅसिसिन या अल्कलॉइडच्या (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू द्रव्याच्या) रचनेवरून पुढे ब्रोमहेक्झिन आणि अँब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधे तयार झाली, जी आज औषधांच्या दुकानात कफाच्या सिरपमध्ये मिळतात. सर्पगंधेची कथा तर आपल्या शेजारची आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रिसर्पिन हा घटक वेगळा करण्यात आला. थोडक्यात, औषधी वनस्पती आणि गोळी यांच्यात शरीराच्या दृष्टीने फार अंतर नाही. दोन्हींकडे एखादा रेणू शरीरातील एखाद्या क्रियेत हस्तक्षेप करतो; फरक एवढाच, की गोळीत त्याचे प्रमाण मोजलेले असते आणि पानात नसते.

आपल्या परंपरेत हा विचार फार पूर्वीच झालेला आहे. आयुर्वेदात स्वरस, कल्क, काढा, हिम आणि फांट अशा पाच मूळ कृती सांगितल्या आहेत. स्वरस म्हणजे ताज्या वनस्पतीचा पिळून काढलेला रस, कल्क म्हणजे वाटून केलेला गोळा, काढा म्हणजे उकळून आटवलेले पाणी, हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेले पाणी आणि फांट म्हणजे उकळते पाणी ओतून थोडा वेळ ठेवून गाळलेले पाणी. शार्ङ्गधरसंहितेत काढ्यासाठी एक भाग औषधाला सोळा भाग पाणी, फांटासाठी चार भाग आणि हिमासाठी सहा भाग पाणी सांगितले आहे. आजच्या रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर या पाच कृती म्हणजे घटक बाहेर काढण्याच्या पाच पद्धती आहेत. आपल्याकडे मात्र रोजच्या बोलण्यात सगळ्याला काढाच म्हटले जाते आणि सगळे उकळलेच जाते, याचे मला फार वाईट वाटते.

सुगंधी वनस्पतींसाठी फांट हीच योग्य कृती आहे. तुळशीतील युजेनॉल, गवती चहातील सिट्रल, पुदिन्यातील सुगंधी तेल आणि ओव्यातील थायमॉल ही सगळी वाफेबरोबर उडून जाणारी द्रव्ये आहेत. पाणी उकळल्यावर गॅस बंद करावा, पाने हाताने चुरडून त्यात टाकावीत आणि लगेच घट्ट बसणारे झाकण ठेवावे. दहा मिनिटांनी झाकण उचलताना ते भांड्यावरच तिरपे धरावे आणि त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पुन्हा पाण्यात पडू द्यावेत. ते थेंब चाखून पाहिले तर त्यांनाही सुगंध असतो; एरवी ते ओट्यावर सांडून जातात. चोंदलेल्या नाकासाठी ओव्याची वाफ घेतली जाते, तेव्हा गोष्ट उलटी असते, कारण तेथे थायमॉल हवेत यावे हाच उद्देश असतो. म्हणून ओवा थोडा चोळून गरम पाण्यात टाकावा.

मुळे, साली, खोडे आणि कडू पाने यांना मात्र आच लागते. अल्कलॉइड वनस्पतीत बहुधा आम्लांशी जोडलेल्या क्षारांच्या रूपात असतात, त्यामुळे ते पाण्यात विरघळतात आणि उकळल्याने उडून जात नाहीत. ज्येष्ठमधातील ग्लायसिरायझिन हे सॅपोनिन प्रकारचे, म्हणजे साबणासारखा फेस करणारे, द्रव्य आहे आणि तेही पाण्यात उतरते. ते उतरले की नाही, हे घरीच पाहता येते. ज्येष्ठमधाचा गार झालेला काढा छोट्या बाटलीत घालून जोरात हलवावा. वर बारीक फेस आला आणि तो काही मिनिटे टिकला, तर सॅपोनिन पाण्यात आले आहे असे समजावे. कांडी अखंड टाकली तर पाणी आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती खलबत्त्यात कुटून तिची भरड करावी. पूड करू नये, कारण पूड तळाला बसून करपते आणि गाळतानाही त्रास होतो.

या दोन्ही गोष्टी एकत्र आणून खोकल्याचा काढा पुढीलप्रमाणे करावा. एका मोठ्या माणसासाठी ज्येष्ठमधाची साधारण १ ग्रॅम भरड, अडुळशाची दोन मध्यम पाने चिरून आणि आल्याचा छोटा तुकडा ठेचून २०० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावा, म्हणजे सुकलेल्या पेशी फुगतात आणि घटक लवकर सुटतात. नंतर भांडे मंद आचेवर उघडेच ठेवून पाणी निम्मे होईपर्यंत आटवावे. गॅस बंद केल्यावर, आधी नव्हे, तुळशीची सात-आठ पाने आणि गवती चहाचे एखादे पाते चुरडून त्यात टाकावे व दहा मिनिटे झाकून ठेवावे. मग गाळून, कोमट झाल्यावर हवा तर मध घालून, दिवसातून एकदा घ्यावा. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, ताप चढला किंवा धाप लागू लागली, तर काढा वाढवत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

हिरडा, डाळिंबाची साल आणि बाभळीची साल यांचा गुण टॅनिनमध्ये असतो. पुणे जिल्ह्यात जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगराळ भागात हिरडा गोळा करण्यावर अनेक आदिवासी कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून आहे आणि तोच हिरडा पेठांतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत येतो. टॅनिन प्रथिनांशी जोडले जाते. तोंडात तुरट चव येऊन जीभ कोरडी वाटते, ती लाळेतील प्रथिने अशी बांधली गेल्यामुळे. आणि दातांच्या हिरड्यांतून रक्त येत असल्यास किंवा घसा सुजला असल्यास याच्या गुळण्यांनी बरे वाटते, ते वरचे अस्तर याच क्रियेने आकसते म्हणून. हा काढा लोखंडी कढईत करू नये. टॅनिन आणि लोह एकत्र आले की पाणी शाईसारखे काळे होते. पोटातही हीच जोडी जमते. म्हणून रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या बाईने तुरट काढा आणि गोळी एका वेळी घेऊ नये.

काही घटकांना उष्णता मुळीच चालत नाही. लसणात अ‍ॅलिसिन हे त्याचे औषधी द्रव्य आयते नसते. पाकळी ठेचल्यावर अ‍ॅलिनेज हे विकर अ‍ॅलिन या द्रव्यावर काम करते आणि तेव्हा ते तयार होते. अख्खी पाकळी सरळ तेलात टाकली, तर विकर उष्णतेने आधीच निकामी होते. त्यामुळे लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवावा आणि मग वापरावा. उष्णतेचा हा मुद्दा किती मोलाचा आहे, हे हिवतापावरील आर्टेमिसिनिनच्या शोधात दिसते. चीनमध्ये संशोधक तू यूयू यांच्या गटाला चिंगहाव या वनस्पतीच्या अर्कापासून खात्रीचा गुण मिळत नव्हता. चौथ्या शतकातील एका वैद्याने ती वनस्पती उकळायला न सांगता पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, हे वाचल्यावर त्यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि तो प्रभावी ठरला. या कामासाठी त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सब्जा आणि इसबगोल यांचा उपयोग तर पाणी धरून फुगणाऱ्या बुळबुळीत कर्बोदकांचा असतो. ती थंड पाण्यातच भिजवावीत आणि इसबगोलावर नेहमी भरपूर पाणी प्यावे.

हळदीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यातील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून हळदीचे नुसते पाणी पिण्यात फारसा अर्थ नाही. तुपात किंवा सायीच्या दुधात ती गरम करणे अधिक योग्य आहे. तरीही पोटातून रक्तात पोहोचणारे प्रमाण अल्पच राहते. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील पायपरिन २० मिलिग्रॅम दिल्यास माणसाच्या शरीरात त्याचे शोषण २००० टक्क्यांनी वाढते. पण याच गुणात धोकाही आहे. पायपरिन औषधांचा निचरा करणाऱ्या विकरांना अडवते, आणि त्यामुळे फेनिटॉइनसारख्या आकडीवरील औषधाचे रक्तातील प्रमाणही वाढू शकते. स्वयंपाकातील चिमूटभर मिरीची काळजी नको. मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

सोनामुखीतील सेनोसाइड हे रेचक द्रव्य जठरात काही करत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे रूपांतर करतात आणि तेव्हा आतड्याची हालचाल वाढते, म्हणून परिणामाला सहा ते बारा तास लागतात. ती रात्री घ्यावी, आणि थोड्या दिवसांपुरतीच.

कृती कितीही बिनचूक असली तरी वनस्पती चुकीची असेल तर उपयोग नाही. गुळवेल हे याचे ताजे उदाहरण आहे. करोनाच्या साथीत ती घरोघरी उकळली गेली, आणि २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर घेतलेल्या आक्षेपात, वनस्पतीची ओळख नीट तपासलेली नव्हती, असा मुद्दा होता. खोडावर ठळक गाठी असलेली तिची एक जातभगिनी दिसायला पुष्कळशी तशीच असते. टेकडीवरून तोडून आणलेल्या वेलीविषयी शंका असेल तर ती वापरू नये. पुण्यात यासाठी लांब जावे लागत नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था येथे शुष्क वनस्पतींचे संग्रह आहेत आणि ओळख पटवणारे जाणकारही आहेत.

पाने सावलीत वाळवावीत, कारण उन्हात सुगंधी तेल उडते. ती अखंडच, हवाबंद बरणीत, उजेडापासून दूर ठेवावीत आणि लागतील तेवढीच कुटावीत. पावसाळ्यात बरणीत कोंदट वास आला किंवा बुरशी दिसली, तर वरचा थर काढून उरलेले वापरू नये; सगळेच टाकून द्यावे.

गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये, कारण व्हॅसिसिनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. ज्येष्ठमध शरीरात सोडियम व पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम घटवतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तो टाळावा, आणि निरोगी माणसानेही तो रोज, महिनोन्‌महिने घेऊ नये. युरोपात ग्लायसिरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम सांगितली आहे, आणि वर दिलेला १ ग्रॅम ज्येष्ठमध त्याच हिशेबाने घेतला आहे. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांच्या यादीत काढ्यातील प्रत्येक वनस्पतीचे नाव, अंदाजे प्रमाण आणि किती दिवस घेतली हेही लिहून न्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूलचा उल्लेख त्यांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच आधी करावा.