एडिंबराहून एका दिवसात हायलँड्स: कोचने जाताय तर आधी हे वाचा

एडिंबरात तीन-चार दिवस असाल तर एक दिवस किल्ला, म्युझियम सगळं सोडून सरळ डोंगरात, म्हणजे स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये जा. आणि त्यासाठी गाडी भाड्याने घेऊ नका, कोचनेच (म्हणजे टूरच्या बसनेच) जा, कारण जो गाडी चालवतो त्याला काहीच बघायला मिळत नाही, आणि कोचची सीट उंच असल्यामुळे रस्त्याकडेच्या दगडी भिंती-झुडपांच्या वरून पार लांबपर्यंत दिसतं.

टूर कुठली घ्यायची? सगळीकडे लॉक नेस आणि त्यात राहतो म्हणतात त्या नेसी नावाच्या राक्षसी प्राण्याचीच जाहिरात असते म्हणून लोक डोळे झाकून तीच घेतात. घ्या की, पण लेकसाठी नाही, रस्त्यासाठी घ्या. लॉक म्हणजे तिकडचा लेक, आणि नेस खरं सांगायचं तर काळपट पाण्याचा एक लांबलचक पट्टा आहे. लांबी ३७ किलोमीटर, खोली २३० मीटरच्या आसपास, इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या लेकचं पाणी एकत्र केलं तरी याच्याएवढं होत नाही म्हणे, पण काठावर उभं राहून यातलं काय दिसणार? नेसीचा तो १९३४ चा फेमस फोटो तर बनावट होता, १९९४ मध्ये ते उघड झालं. पैसे वसूल होतात ते जाताना, ग्लेनको नावाच्या दरीत. म्हणून बुक करताना रूट नीट वाचा, ग्लेनकोचं नाव असेल आणि तिथे फोटो स्टॉप असेल तरच घ्या.

ही टूर साधारण बारा तासांची असते, सकाळी आठच्या सुमाराला निघून रात्री आठपर्यंत परत, आणि एकूण अंतर ५०० किलोमीटरच्या पुढे जातं. म्हणजे बराच वेळ बसूनच काढायचाय, हे आधीच मान्य करा. गाडी लागणारं कोणी सोबत असेल किंवा घरचे ज्येष्ठ असतील तर लॉक लोमंड-ट्रोसाक्सची छोटी टूर घ्या, त्यातही डोंगर आहेत. लहान मुलं असतील तर वयाची अट बघा, बऱ्याच टूरवाले पाच वर्षांखालच्यांना घेत नाहीत. छोट्या मिनीबसमध्ये शक्यतो टॉयलेट नसतं, प्रत्येक स्टॉपला जाऊन या, लाजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सीट. जाताना डावीकडची खिडकी पकडा. कॅलंडर नावाचं गाव सोडलं की लॉक लुबनेग डावीकडे, पुढे रॅनक मूरचं ते ओसाड दलदलीचं पठार (ते दोन्ही बाजूंना आहे), मग ब्युकल एटिव्ह मोर नावाचा पिरॅमिडसारखा डोंगर डावीकडे, आणि ग्लेनकोत उतरताना थ्री सिस्टर्सचे तीन सुळकेही डावीकडेच. सीट नंबर आधी मिळत नसेल तर पंधरा-वीस मिनिटं लवकर जाऊन रांगेत उभे राहा, एवढं कराच.

ग्लेनको हे साधारण ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे अवशेष, नंतर हिमनद्यांनी ते कोरून काढलं. आणि इथेच १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे ती कत्तल झाली, सरकारी सैनिक जवळपास दोन आठवडे मॅकडोनाल्ड कुळातल्या लोकांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले, त्यांचं खाल्लं आणि मग त्यांनाच मारलं, ३८ च्या आसपास माणसं गेली. ड्रायव्हर ही गोष्ट सांगतो तेव्हा हेडफोन काढून ऐका, स्कॉटिश ॲक्सेंट सुरुवातीला कळत नाही, अर्ध्या तासाने कान सरावतात.

पुढे फोर्ट विल्यमजवळ बेन नेव्हिस, आख्ख्या यूकेमधला सगळ्यात उंच डोंगर, १३४५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ आहे त्यामुळे हसू येईल, पण हा जवळजवळ समुद्रसपाटीपासून एकदम वर उठतो आणि झाडं नसल्यामुळे अंगावर आल्यासारखा वाटतो. माथा बहुतेक वेळा ढगातच, दिसला तर नशीब.

लेकवर जेवायचा स्टॉप बहुतेक फोर्ट ऑगस्टसला असतो. तिथली बोट राइड साधारण तासाची, वेगळे पैसे. माझं मत विचाराल तर बोट सोडा आणि कॅलेडोनियन कालव्याची दारं बघत बसा, थॉमस टेलफर्डने बांधलेला हा कालवा १८२२ मध्ये सुरू झाला आणि गावात एकापाठोपाठ पाच लॉक आहेत (हे लॉक म्हणजे लेक नाही, दारं लावून पाणी वर-खाली करायचे हौद), बोटी पायरी-पायरीने वर चढतात, फुकटात मस्त टाइमपास. व्हेज खाणाऱ्यांनी आदल्या रात्रीच सुपरमार्केटमधून सँडविच-फळं घेऊन ठेवा, दुपारी कॅफेत सगळ्या बसेसची गर्दी एकदम होते.

सीझन म्हणाल तर मे-जून बेस्ट, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरमध्ये पावणेचारलाच सूर्य मावळतो, म्हणजे परतीचा सगळा रस्ता अंधारात, तेव्हा छोटीच टूर घ्या. ऑगस्टमध्ये फेस्टिव्हलमुळे शहर फुल असतं, बरंच आधी बुक करा. उन्हाळ्यात मिज नावाची बारीक चिलटं चावतात, वारा पडला की जास्तच, त्यामुळे स्प्रे ठेवा. छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते, टोपीवालं रेनकोट जॅकेट घ्या. आणि तिकीट ऑफलाइन सेव्ह करा, डोंगरात मधेच रेंज जाते.

येताना बहुतेक बसेस ए९ रस्त्याने पिटलॉक्रीवरून येतात, इथे झोप काढली तरी चालेल, फक्त क्वीन्सफेरी पुलावर जागे राहा, डावीकडे १८९० चा लाल रेल्वेचा फोर्थ ब्रिज दिसतो. त्या रात्रीची लंडनची ट्रेन वगैरे मात्र बुक करू नका, ट्रॅफिक लागला तर बस तासभरही लेट होऊ शकते.