पडलेली हार्ड डिस्क: आधी वायर काढा

गेल्या चवथीला भाच्याच्या पायात वायर अडकली आणि आमची एक्स्टर्नल हार्ड डिस्क टेबलावरून फरशीवर आपटली. आत बारा वर्षांच्या घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवून म्हटलेल्या आरत्या, माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचे) फोटो आणि आजोबांच्या आवाजातलं एकुलतं एक रेकॉर्डिंग. लॅपटॉपला लावली तर आतून टक्... टक्... टक्. जीव राहवेना म्हणून मी ती आणखी दोनदा लावून पाहिली. ते करायला नको होतं.

डिस्कच्या आत चकत्या फिरतात, लहान डिस्कमध्ये बहुधा मिनिटाला 5400 फेरे. वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. आपटल्यावर हेड वाकलं असेल तर दर वेळी डिस्क सुरू करताना ते चकती खरवडू शकतं, आणि खरवडून गेलेला थर कुणालाच परत आणता येत नाही. म्हणून टक्टक ऐकू आली की लगेच वायर काढा. बारीक 'पीं पीं' येत असेल तर बहुधा मोटर फिरत नाही किंवा हेड चकतीला चिकटलंय, तेव्हाही तेच.

दिवाच लागत नसेल तर आधी दुसरी केबल, दुसरा पोर्ट बघा. मध्ये यूएसबी हब (अनेक पोर्टांची जोडपेटी) नको, थेट लॅपटॉपला लावा. बाहेरची पेटी मात्र फेकू नका: काही डिस्कमध्ये माहिती तिथल्याच सर्किटकडून कुलूपबंद होते.

फ्रीजरचा उपाय कुणी सांगेल. आपल्याकडच्या दमट हवेत थंड डिस्क बाहेर काढताच आत पाणी धरतं. झाकण उघडून बघणंही नको. धुळीचा एक कण त्या अंतराच्या कितीतरी पट मोठा असतो. पुराच्या किंवा समुद्राच्या पाण्यात भिजली असेल तर उन्हात किंवा तांदळात ठेवू नका. सुकताना क्षार आत बसतात. ओलसर कपड्यात गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि तशीच डिस्कमधली माहिती परत काढून देणाऱ्या लॅबला द्या.

घरी हात घालण्यासारखी एकच अवस्था: डिस्क गुळगुळीत फिरते, दिसते, पण कॉपी अडकत राहते. विंडोज 'फॉरमॅट करू का' विचारील, नाही म्हणा. चेकडिस्क (विंडोजचा डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवू नका. पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) सुरू करा, बिघडलेल्या डिस्कहून मोठी रिकामी डिस्क जोडा आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने सबंध डिस्कची प्रत काढा, मॅपफाइलसकट. ही फाइल कुठवर वाचून झालं ते लक्षात ठेवते, म्हणून काम मध्येच थांबवता येतं. पहिल्या फेरीत खराब भाग सोडून द्या, त्यांच्या मागे नंतर लागा. सुरू करण्यापूर्वी कुठली डिस्क जुनी, कुठली नवी हे आकार बघून दोनदा ताडा; उलट झालं तर जुनीवरच रिकामी लिहिली जाते. मग त्या प्रतीवर टेस्टडिस्क (हरवलेले विभाग आणि फायली शोधणारा प्रोग्रॅम) चालवा. नाहीच जमलं तर फोटोरेक. त्यात फायली सापडतात पण नावं जातात. मध्येच टक्टक सुरू झाली तर थांबा.

टक्टक करणाऱ्या डिस्कसाठी क्लीन रूम, म्हणजे गाळलेल्या हवेची धूळमुक्त खोली, असलेली लॅबच हवी, तिथे जुळत्या डिस्कचं हेड काढून बसवतात. देण्याआधी विचारा: तपासणीचे पैसे वेगळे का? काहीच मिळालं नाही तर किती? डिस्क स्वतः उघडता की पुढे पाठवता? खर्चाचा आकडा लेखी घ्या. कुरिअरने पाठवायची तर अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणारी) पिशवी आणि चारही बाजूंनी जाड फोम.

आणि कुठलं फोल्डर आधी हवं ते कागदावर लिहून द्या, कारण बदललेलं हेड किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो. मी पहिल्या ओळीत आजोबांच्या आरतीचं फोल्डर लिहिलं होतं. ते आलं. शेवटच्या दोन चवथींचे व्हिडिओ आले नाहीत.