काच फुगवायला बसताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉर्निंग काच संग्रहालयाच्या हॉट शॉपचे, म्हणजे भट्टीच्या कार्यशाळेचे, व्हिडिओ बघताना सगळं फारच सोपं वाटतं. गॅफर, म्हणजे मुख्य कारागीर, बाकावर बसून फुंकनळी फिरवतो आणि बघता बघता फुलदाणी तयार होते. मग कुणाला तरी हुरूप येतो. तो टेबल-बर्नर आणि काचनळ्या आणतो, आणि थोड्याच दिवसांत बादलीभर तुकडे जमतात. दोष मात्र जातो फुंकरीवर: ‘आपल्या छातीत तेवढा दम नाही.’ तेच व्हिडिओ पुन्हा नीट बघा. फुंकर बऱ्याचदा मदतनीस मारतो, गॅफरचे हात आकार देण्यात गुंतलेले असतात. काच बिघडते ती फुंकरीच्या आधी किंवा नंतर.

पहिली गडबड कच्च्या मालात होते. घरातली बाटली सोडा-लाइम काचेची असते, प्रयोगशाळेतली नळी बोरोसिलिकेटची. तापल्यावर बोरोसिलिकेट सोडा-लाइमच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. ज्योतीत दोन्ही झकास चिकटतात. थंड होताना जोडाजवळ तडकतात. कुठली काच कुठली हे नुसत्या नजरेला कळत नाही, पण मेडिकल स्टोअरमधलं ग्लिसरीन कळवतं. पारदर्शक तुकडा त्यात बुडवा. बोरोसिलिकेट जवळजवळ दिसेनाशी होते, कारण दोघांचा अपवर्तनांक 1.47 च्या आसपास असतो. सोडा-लाइमच्या कडा दिसत राहतात.

काच कुठली घ्यावी या प्रश्नावर मोठमोठे लोकही अडले आहेत. 1962 साली अमेरिकेतल्या टोलेडो कला संग्रहालयाच्या आवारात कलावंत हार्वी लिटलटन यांनी लहान भट्टीवर कार्यशाळा घेतली. कारखान्याबाहेर, एकट्या कलावंताला काच फुगवता येईल का, हे बघायचं होतं. पहिला घाणा कामाचा निघाला नाही. काच-संशोधक डॉमिनिक लबिनो यांनी तयार काचेच्या गोट्या वितळवायला सुचवलं, तेव्हा गाडी रुळावर आली.

आता मुख्य चूक: ज्योतीत धरूनच फुंकणे. पातळ जागा आधी तापते आणि आधी फुगते, फुगली की आणखी पातळ होते. एका बाजूला फोड येतो आणि फुटतो. म्हणून आधी नळीचं बंद टोक फिरवत फिरवत तापवायचं, भिंत सगळीकडून सारखी जाड होऊ द्यायची. मग ज्योतीबाहेर काढायचं, क्षणभर थांबायचं आणि हलकेच फुंकायचं. बाहेर आल्यावर पातळ भाग लवकर थंड होऊन आखडतो आणि जाड भाग फुगत राहतो, म्हणजे काच स्वतःच स्वतःला सावरते. या सगळ्या वेळात फिरवणं थांबवायचं नाही. दोन हातांचा वेग वेगळा पडला तर नळीला पीळ बसतो. हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि त्याला पळवाट नाही. बर्नर न पेटवता, टीव्ही बघत नळी फिरवत बसा. घरचे हसतील, हसू द्या.

नागपूरची खास चूक म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की बर्नरसमोर बसवत नाही हे खरंच, पण कूलरचा दमट झोत तापलेल्या काचेच्या एकाच बाजूला लागला की ‘टिक्’ असा आवाज येतो आणि काम संपतं. ज्योतही हलते, ते वेगळंच. कूलरचं तोंड दुसरीकडे फिरवा. त्याहून बरं म्हणजे उन्हाळ्यात पहाटे बसा. ऊन नको म्हणून दारं-खिडक्या बंद करून मात्र अजिबात बसू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. गरम तुकडा थंड फरशीवर किंवा ओल्या ओट्यावर ठेवणं हीसुद्धा कूलरचीच बहीण.

साधा काळा गॉगल चालत नाही. तापल्या काचेतल्या सोडियमचा पिवळा झगझगाट डिडिमियमचा (दुर्मिळ मूलद्रव्यांचं मिश्रण घातलेल्या काचेचा) चष्मा कापतो, तेव्हा कुठे काच नीट दिसते. मोठ्या भट्टीच्या उष्ण किरणांसाठी मात्र वेगळी काच लागते.

‘रात्री चांगला होता, सकाळी आपोआप फुटला’ ही तक्रार ॲनीलिंगची, म्हणजे काच हळूहळू थंड करून तिच्यातला ताण काढण्याची. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आक्रसतो, आणि ताण अडकून राहतो. राखेत किंवा सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळल्याने थंड होणं लांबतं, एवढंच. बोरोसिलिकेटची वस्तू साधारण 560 अंश सेल्सिअसला काही वेळ धरून मग हळूहळू उतरवावी लागते, आणि त्यासाठी तापमान दाखवणारी विजेची भट्टीच हवी. ताण उरलाय का हे घरीही बघता येतं. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून तो स्क्रीन काळा दिसेपर्यंत फिरवा, आणि वस्तू मध्ये धरा. उजळ किंवा रंगीत पट्टे ठळक दिसले तर ती पुन्हा भट्टीत घालायची. तोवर तिच्यात गरम चहा ओतायचा नाही.